पिजन क्रीकच्या टेकाडावरच्या कबरी

२१ सप्टेंबर १८१८ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, स्पेन्सर काउंटीत, टॉमस स्पॅरो नावाच्या आजारी शेतकऱ्याने मृत्युपत्र केले. मालमत्ता फारशी नव्हतीच. जे काही होते ते पत्नी एलिझाबेथला आणि तिच्यामागे, घरात लहानाचा मोठा केलेल्या डेनिस हँक्सला, एवढाच त्याचा आशय. खाली दोन साक्षीदार. एक जेरेमाया स्मिथ. दुसरी साक्षीदार बाई होती. तिच्या नावापुढे सही नाही, फुलीची निशाणी आहे. नाव आहे नॅन्सी लिंकन.

चौदा दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, ही साक्षीदार बाई स्वतःच वारली. तोवर स्पॅरो नवरा-बायको दोघेही गेले होते. तिघांना पिजन क्रीक वस्तीतल्या एकाच टेकाडावर पुरले. तिथे शेजारच्या पीटर ब्रूनरची बायकोही त्याच हंगामात पुरली गेली. नॅन्सीच्या मागे नवरा टॉमस लिंकन, अकरा वर्षांची मुलगी सारा आणि नऊ वर्षांचा मुलगा अब्राहम राहिले.

या टेकाडाला आज ‘पायोनियर सेमेटरी’ म्हणतात. जंगल तोडून पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या कुटुंबांनी आपापल्या माणसांसाठी राखलेली जागा, एवढाच त्या नावाचा अर्थ. अशा शेकडो जागा अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात शेतांच्या बांधांवर, झाडीत, रस्त्यांच्या कडेला आहेत. बहुतेकांचे कागद उरलेले नाहीत. पिजन क्रीकच्या जागेचे उरले, कारण तिथे पुरलेल्या एका बाईचा मुलगा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच्या हत्येनंतर लोक त्याच्या बालपणाचा माग काढू लागले. पण म्हणूनच या जागेचा इतिहास लिहिणे अवघडही झाले आहे. कागदावर आठवणींचा थर बसला, आठवणींवर भक्तीचा, आणि भक्तीवर संगमरवराचा. हे थर एकेक करून उचलून पाहिले तर एका कबरीपलीकडे त्या वस्तीचा एक अख्खा हंगाम दिसतो.

आधी माणसे तिथे आली कशी, ते पाहू. टॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांचे लग्न केंटकी राज्यातल्या वॉशिंग्टन काउंटीत झाले. १० जून १८०६ चे लग्नाचे जामीनखत आणि १२ जूनला लग्न लावल्याची जेसी हेड या धर्मोपदेशकाची नोंद, दोन्ही तिथल्या कचेरीत मिळाली. हे कागद सापडेपर्यंत लिंकनच्या आईवडिलांचे लग्नच झाले नव्हते, अशी कुजबुज चालू होती. लोक शोधत होते शेजारच्या हार्डिन काउंटीत, कारण कुटुंब नंतर तिकडे राहायला गेले होते. दफ्तर भलत्याच कचेरीत शोधले म्हणून एका बाईच्या अब्रूवर वर्षानुवर्षे डाग राहिला. कागद कुठल्या कपाटात आहे, याला इतिहासात किती मोल असते, ते इथे दिसते.

केंटकीत जमिनीच्या मोजणीचा आणि हक्काचा घोळ होता. एकाच जमिनीवर दोघादोघांचे दावे, हद्दी झाडांवरून आणि ओढ्यांवरून ठरलेल्या, वर वकिलांचा खर्च. टॉमस लिंकनला यात एकाहून अधिक ठिकाणी नुकसान सोसावे लागले आणि शेवटी राहत्या शेतावरून हुसकावण्याचा दावाही त्याच्यावर लागला. १८६० साली, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यावर, लिंकनने जॉन स्क्रिप्स या पत्रकारासाठी स्वतःची थोडक्यात माहिती लिहून दिली. तिच्यात तो म्हणतो की, स्थलांतराला काही अंशी गुलामगिरी कारण होती, पण मुख्य कारण केंटकीतल्या जमिनीच्या हक्कांची अडचण हे होते. पुढे ज्याच्या नावाशी गुलामगिरीचा अंत जोडला गेला, त्याने स्वतः निवडणुकीच्या ऐन तोंडावर लिहिताना जमिनीच्या कटकटीला पहिला मान दिला. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

१८१६ च्या शरदात कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात आले. त्याच डिसेंबरात इंडियानाला राज्याचा दर्जा मिळाला. इथली जमीन केंद्र सरकारने चौकोनी पट्ट्यांत मोजून ठेवली होती, म्हणून वादाचे कारण नव्हते. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी टॉमस लिंकनने व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत एक चतुर्थांश सेक्शन, म्हणजे १६० एकर, आपल्या नावावर मांडून घेतले. दर एकरी २ डॉलर. एकूण ३२० डॉलरपैकी १६ त्या दिवशी भरले आणि डिसेंबरात ६४. बाकीची रक्कम हप्त्यांनी द्यायची होती. ते हप्ते पुरे करायला त्याला दहा वर्षे लागली, आणि तेही अर्धी जमीन सरकारला परत देऊन. १८२७ मध्ये त्याच्या हाती ८० एकरांचा पक्का दस्त आला. त्या दहा वर्षांत त्या घरातून काय काय गेले, ते दस्तात लिहिलेले नाही. तेच आपण पाहायला निघालो आहोत.

स्पॅरो नवरा-बायको आणि डेनिस हँक्स १८१७ च्या शरदात मागोमाग आले. एलिझाबेथ स्पॅरो ही नॅन्सीची मावशी. नॅन्सीला तिनेच वाढवले होते. म्हणजे आई म्हणावी अशी बाई शेजारी राहायला आली आणि वर्षभरात दोघीही एकाच टेकाडावर गेल्या. आता पुन्हा त्या मृत्युपत्राकडे येऊ, कारण सगळ्या साधनांत मला तो सगळ्यांत बोलका कागद वाटतो. २१ सप्टेंबरला नॅन्सी स्वतःच्या पायांवर उभी होती, दुसऱ्याच्या आजारपणात त्याच्या उशाशी जाऊन साक्ष घालण्याइतकी धडधाकट होती. डेनिस हँक्सने नंतर सांगितले की, ती आजारी पडल्यापासून सातव्या दिवशी गेली. हे खरे धरले तर दुखणे सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत सुरू झाले. म्हणजे मृत्युपत्रावर फुली मारल्यावर आठवड्याभरात तिने अंथरूण धरले. त्या आठवड्यात स्पॅरोंच्या घरी ती रोज जात असणार, हा माझा तर्क आहे, पण फुलीने तो उभा केला आहे.

ती फुली आणखी एक गोष्ट सांगते. लिंकनच्या आईला वाचता येत होते आणि ती मुलांना बायबल वाचून दाखवायची, असे बऱ्याच जणांनी नंतर सांगितले. तेही खरे असू शकेल, कारण त्या काळी वाचता येणाऱ्या पण लिहिता न येणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. पण मृत्युपत्रावर, आणि त्याआधी केंटकीतले एक शेत विकताना झालेल्या खरेदीखतावर, तिने निशाणीच केली आहे. नवऱ्याला निदान नाव लिहिता यायचे. मुलगा म्हणतो, तेही कसेबसे.

आजाराचे नाव लिंकनने कुठेही लिहिलेले नाही. स्क्रिप्ससाठी लिहिलेल्या टिपणात १८१८ च्या शरदात आई वारली, एवढेच एक वाक्य आहे. जेसी फेल या मित्राला १८५९ च्या डिसेंबरात पाठवलेल्या टिपणात, मी दहाव्या वर्षात असताना ती गेली, असे आहे. कुटुंबाच्या बायबलमध्ये त्याने स्वतःच्या हाताने जन्म, लग्ने आणि मृत्यू लिहून ठेवले. ते पान आज फाटलेल्या अवस्थेत आहे. तिन्ही ठिकाणचा हिशोब जुळतो. लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, तेव्हा १८१८ च्या ऑक्टोबरात तो नऊ पुरे करून दहाव्यात होता. एवढी तारीख पक्की. बाकी सगळे दुसऱ्यांच्या तोंडून आले.

त्या दुसऱ्यांनी, म्हणजे डेनिस हँक्स आणि शेजारच्या ग्रिग्सबी कुटुंबातल्या नॅथॅनिएलने, दुखण्याला ‘मिल्क सिकनेस’ म्हटले. पिजन क्रीकच्या लोकांना एवढेच कळत होते की, गाईगुरे थरथर कापायला लागली की माणसेही मरू लागतात आणि त्याचा दुधाशी संबंध आहे. जवळचा डॉक्टर ३५ मैलांवर, असे डेनिस सांगतो. तो आला असता तरी काही करू शकला नसता. दुखण्याचे मूळ ‘व्हाईट स्नेकरूट’ नावाच्या रानटी झुडपात होते. हे झुडूप दाट झाडीच्या सावलीत उगवते आणि उन्हाळा सरता सरता बारीक पांढऱ्या फुलांनी भरते. उन्हाळ्याअखेर मोकळ्या जागेतले गवत सुकले की चारण्यासाठी सोडलेली गुरे जंगलात खोल शिरतात आणि हे झुडूप खातात. त्यातले विष दुधात उतरते. माणसाला आधी अशक्तपणा, मग ओकाऱ्या, पोट बंद होणे, श्वासाला विचित्र वास, गुंगी, आणि बऱ्याचदा मृत्यू. इलिनॉयमधल्या ॲना बिक्सबी या सुइणीने १८३० च्या दशकात एका शॉनी बाईच्या मदतीने हे झुडूप ओळखले, असे तिथे परंपरेने सांगतात. तिचे म्हणणे वैद्यकाच्या पुस्तकांत पोचले नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या जेम्स काऊच यांनी १९२८ मध्ये झुडपातले विष वेगळे करून दाखवले, तेव्हा कुठे शास्त्राचा शिक्का बसला. नॅन्सी लिंकन जाऊन तोवर ११० वर्षे झाली होती.

कारण कळल्यावर टेकाडाचा इतिहास वेगळा वाचता येतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हाच काळ का? गुरे जंगलात शिरतात म्हणून. शेजारशेजारच्या घरांतच मृत्यू का? दूध शेजारी वाटले जायचे, गुरे एकाच जंगलात चरायची म्हणून. आणि नव्या वस्तीवरच हे संकट का? जंगल अजून तोडून व्हायचे होते म्हणून. मोकळी कुरणे वाढली तसतसा हा आजार मागे हटत गेला. पहिल्या पिढीने जंगल साफ केले, पण ते साफ होण्याआधी त्या जंगलाने तिची काही माणसे घेतली. टेकाडावरच्या कबरींची तारीखच त्या वस्तीच्या वयाचा दाखला आहे.

दफनाविषयी जे सांगितले जाते ते सगळे आठवणींवर आहे. टॉमस लिंकन सुतारकाम जाणत होता, त्याने करवतीने फळ्या कापून पेट्या केल्या, हे डेनिस हँक्सचे सांगणे आहे आणि ते मानायला अडचण नाही. त्या गावात दुसरे कोण करणार होते? छोट्या अब्राहमने पेटीसाठी लाकडाच्या खुंट्या तासल्या, ही गोष्ट मात्र हळूहळू चित्रांत, पुतळ्यांत आणि मुलांच्या पुस्तकांत इतकी रुजली आहे की तिचे मूळ कुठे आहे हे कोणी विचारत नाही. दफनाच्या वेळी धर्मोपदेशक नव्हता. काही महिन्यांनी केंटकीतून डेव्हिड एल्किन नावाचा उपदेशक आला आणि त्याने कबरीपाशी प्रवचन केले, असे बऱ्याच जणांनी सांगितले आहे. त्याला बोलावणारे पत्र अब्राहमने स्वतः लिहिले, त्याचे ते पहिले पत्र, असेही म्हणतात. ते पत्र अस्तित्वात नाही. मी ते दंतकथेच्या खात्यात ठेवतो. एल्किन आला असावा, यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

इतिहासकार राजवाड्यांनी बखरी बाजूला सारून समकालीन पत्रे पुढे आणली, ती शिस्त आपल्याकडे इतिहासलेखनाचा पाया मानली जाते. लिंकनच्या बाबतीत मात्र आपणच ती फारशी पाळत नाही. मुलाच्या हेडमास्तरांना लिंकनने लिहिलेले म्हणून जे पत्र वसंत बापटांच्या मराठी रूपात महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर लागले आहे, त्याचा मूळ कागद नाही. लिंकनच्या लेखनाच्या संग्रहात ते नाही. त्याच्या जीवनाशी ते जुळतही नाही. बापटांची भाषा सुंदर आहे आणि मुलांनी ती वाचायला हरकत नाही. पण त्या पत्राच्या बाजूला मी शिक्षकांना एक खरा कागद लावायला सांगेन. ज्या मृत्युपत्रावर त्याच्या आईने फुली मारली तो.

टेकाडावरच्या सगळ्या आठवणींत मला ब्रूनर कुटुंबातली एक आठवण सर्वांत जवळची वाटते. पीटर ब्रूनरचा मुलगा हेन्री वृद्धपणी सांगायचा की, लिंकनच्या आईच्या कबरीवर माती लोटून झाल्यावर आपल्या बापाने टॉमस लिंकनपुढे हात केला आणि आता आपण दोघे भाऊ झालो, असे म्हटले. त्याचीही बायको त्याच दिवसांत गेली होती. ही आठवण उशिराची आहे, तिला कागदाचा आधार नाही, आणि तरीही मी ती टाकत नाही. तिच्यात लिंकनला मोठे करण्यासारखे काही नाही. तो तिथे उभा आहे, एवढेच. राष्ट्राध्यक्षाच्या कीर्तीतून आलेल्या आठवणी नेहमी त्याच्याभोवती फिरतात. ही आपल्या बापाभोवती फिरते, म्हणून ती जास्त विश्वासाची.

पुढची दहा-बारा वर्षे त्या जागेविषयी कागद गप्प आहेत, पण भोवतालच्या गोष्टी नोंदलेल्या आहेत. २ डिसेंबर १८१९ रोजी टॉमसने केंटकीतल्या एलिझाबेथटाऊनला सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केले आणि तिला मुलांसकट इंडियानात आणले. डेनिस हँक्स स्पॅरोंच्या मागे लिंकनांच्या घरात राहायला आला होताच. वस्तीत बाप्टिस्टांचे प्रार्थनागृह उभे राहिले. त्या मंडळीची कार्यवृत्तांची वही शिल्लक आहे, आणि ७ जून १८२३ रोजी टॉमस लिंकनला सभासद करून घेतल्याची नोंद तिच्यात आहे. प्रार्थनागृह आले तशी त्याच्या शेजारी दफनभूमी आली. अब्राहमची बहीण सारा १८२६ मध्ये आरन ग्रिग्सबीला दिली आणि २० जानेवारी १८२८ रोजी बाळंतपणात वारली. बाळही गेले. तिला आईशेजारी टेकाडावर नेले नाही. प्रार्थनागृहाजवळ पुरले. आई आणि मुलगी यांच्या दोन कबरींत थोडेसेच अंतर आहे, पण त्या अंतरात वस्तीने केलेला प्रवास मोजता येतो. १८१८ मध्ये मेलेल्या माणसाला घरच्यांनी जवळच्या उंचवट्यावर न्यायचे. १८२८ मध्ये गावाची दफनभूमी होती, मंडळी होती, वही होती.

१८३० च्या फेब्रुवारीत टॉमस लिंकनने आपले ८० एकर चार्ल्स ग्रिग्सबीला १२५ डॉलरला विकले आणि मार्चमध्ये कुटुंब इलिनॉयला निघून गेले. टेकाडावरच्या कबरींवर कोरलेला दगड नव्हता. देखभाल करणारे रक्ताचे माणूस आता तिथे कोणी उरले नाही. झाडी वाढत गेली.

१८४४ च्या शरदात लिंकन एकदा परत आला. हेन्री क्ले या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या प्रचारासाठी इंडियानात भाषणे करायला तो गेला होता. १८ एप्रिल १८४६ रोजी अँड्र्यू जॉन्स्टन या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सांगितले आहे. आपण वाढलो त्या भागात, जिथे आई आणि एकुलती बहीण पुरली आहे तिथे, सुमारे पंधरा वर्षांनी गेलो, असे तो लिहितो. त्या भेटीने त्याला कविता सुचली, आणि ती त्याने मित्राला पाठवली. कबरीवर दगड बसवल्याचा उल्लेख पत्रात नाही, आणि पुढेही त्याने तो बसवला नाही. यावरून त्याला दोष देणारे लिहून गेले आहेत. मला तो दोष पटत नाही. ज्या समाजात त्याचे बालपण गेले तिथे बहुतेक कबरी दगडाशिवायच होत्या. आईला विसरलेला माणूस पंधरा वर्षांनी मित्राला लिहिताना त्या जागेची ओळख तिच्या कबरीने करून देत नाही.

लिंकनच्या हत्येनंतर त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने साधने गोळा करायला सुरुवात केली. अमेरिकेत एका माणसाच्या चरित्रासाठी इतक्या तातडीने आणि इतक्या साध्या माणसांच्या तोंडून माहिती घेण्याचे हे काम फार मोठे आहे. जून १८६५ मध्ये त्याने डेनिस हँक्सला गाठले. सप्टेंबरमध्ये लिंकनच्या म्हाताऱ्या सावत्र आईला इलिनॉयमध्ये भेटला, मग इंडियानात जाऊन नॅथॅनिएल ग्रिग्सबीची जबानी घेतली. १४ सप्टेंबर १८६५ रोजी तो स्वतः टेकाडावर गेला. झाडी होती, जमीन खचलेली होती, कबर नेमकी दाखवणारी खूण नव्हती. हर्नडनची टिपणे विस्कळीत आहेत, त्याची मते ठाम आणि कधी चुकीची आहेत. पण ज्यांनी त्या माणसांना पाहिले होते त्यांच्यापर्यंत तो वेळेवर पोचला. दहा वर्षे उशीर झाला असता तर आज आपल्या हाती फक्त मृत्युपत्र, जमिनीच्या पावत्या आणि मंडळीची वही राहिली असती.

मग दगड येऊ लागले. १८७४ मध्ये जवळच्या रॉकपोर्ट गावातल्या जोसेफ आर्मस्ट्राँग यांनी छोटा दगड बसवला. तो काही वर्षांत नाहीसा झाला. १८७९ मध्ये साउथ बेंडच्या पीटर स्टुडेबेकर यांनी, गाड्या बनवणाऱ्या घराण्यातल्या एका भावाने, कबरीच्या दुर्दशेविषयी वाचले आणि रॉकपोर्टला पैसे पाठवून संगमरवरी दगड घडवून घेतला. आपले नाव येऊ नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणून दगडावर फक्त, हुतात्मा पुत्राच्या एका मित्राने उभारला, अशा अर्थाचा मजकूर आहे. वर्गणी काढून लोकांनी भोवती लोखंडी कुंपण घातले. तोच दगड आज तिथे उभा आहे.

हा दगड नीट वाचावा. त्यावर मृत्यूची तारीख ५ ऑक्टोबर १८१८ आहे, ती कुटुंबाच्या नोंदीशी जुळते. वय ३५ वर्षे आहे. कुटुंबात नॅन्सीचा जन्म ५ फेब्रुवारी १७८४ चा मानला जातो. त्या हिशोबाने ती ३४ पुरी करून पस्तिसाव्यात होती. दगडाने चालू वर्ष पुरे धरले. फरक लहान आहे, पण दगडावर कोरलेले म्हणजे पक्के, अशी आपली समजूत असते. पुरावा म्हणून हा दगड १८१८ चा नाही, १८७९ चा आहे. तो जिथे उभा आहे ती जागा एकसष्ट वर्षांनी जुन्या रहिवाशांनी दाखवलेली आहे. टेकाड निश्चित तेच. कबर त्यांच्या आठवणीप्रमाणे तिथली.

नंतरची कहाणी थोडक्यात सांगता येते, कारण ती संस्थांची आहे आणि संस्था कागद नीट ठेवतात. १८९७ मध्ये गव्हर्नर जेम्स माउंट यांच्या पुढाकाराने नॅन्सी हँक्स लिंकन यांच्या नावाची स्मारक संस्था स्थापन झाली. लिंकनचा एकमेव हयात मुलगा रॉबर्ट याने तिला १,००० डॉलर दिले. १९०० मध्ये कबरीभोवतीची १६ एकर जागा घेतली गेली. १९०२ मध्ये जे. एस. कल्व्हर यांनी, स्प्रिंगफील्डच्या लिंकन समाधीच्या दुरुस्तीतून निघालेल्या दगडातून घडवलेला आणखी एक मोठा दगड आणून बसवला. प्रवेशद्वारावर सिंह आणि गरुडांचे पुतळे उभे राहिले. खेडेगावातल्या कबरीला राजधानीतल्या चौकाचा थाट आला. १९२० च्या दशकाअखेर निसर्गरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड धाकटे यांना आराखडा करायला बोलावले, तेव्हा त्यांनी हा थाट उतरवायला सांगितला. सिंह गेले, गरुड गेले, झाडे पुन्हा लावली, आणि कल्व्हरचा दगड टेकाडावरून काढून जवळच्या पायवाटेवर लिंकनच्या आयुष्यातल्या ठिकाणांहून आणलेल्या दगडांच्या रांगेत बसवला. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सहीने ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

ओल्मस्टेड यांचा निर्णय मला योग्य वाटतो, पण तोही एका कबरीपाशी थांबतो. टॉमस स्पॅरो, एलिझाबेथ स्पॅरो आणि पीटरची बायको नॅन्सी ब्रूनर ही तीन नावे तरी आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याखेरीज आणखीही माणसे त्या उंचवट्यावर आहेत, आणि ती कोण, हे सांगणारा कागद उरलेला नाही. एका राष्ट्राध्यक्षाच्या आईमुळे ही जागा नांगराखाली गेली नाही, हे खरे. त्याच कारणाने ती एका बाईची कबर म्हणून ओळखली जाते, हेही खरे. मला ती एका हंगामात एकत्र संकटात सापडलेल्या शेजाऱ्यांची जागा म्हणून वाचावीशी वाटते. त्या वाचनाला सगळ्यांत मोठा आधार तोच कागद देतो, ज्यावर एका शेजारणीने दुसऱ्याच्या मरणाच्या दारात फुली मारली.

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत राहणाऱ्या मराठी वाचकांना तिथे जाणे अवघड नाही. इंडियानाच्या दक्षिण टोकाला लिंकन सिटी नावाचे छोटे गाव आहे, स्मारक त्याला लागूनच आहे. स्टुडेबेकरचा दगड पाहून झाला की तिथूनच परत फिरू नका. रस्त्याच्या पलीकडे लिंकन स्टेट पार्कमध्ये लिटल पिजन बाप्टिस्ट मंडळीची दफनभूमी आहे. तिथे सारा लिंकन ग्रिग्सबी बाळासह पुरलेली आहे. तिचा नवरा आरन १८३१ मध्ये गेला, तो तिच्या शेजारी आहे.